खिळा लहानच होता

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी एसटीच्या टायर विभागात गेली. नक्षी झिजलेला टायर त्यांच्यापुढे यायचा आणि त्याचं पुढे काय करायचं, हे त्यांनी ठरवायचं. एसटीचे टायर रिट्रेड करण्याचे स्वतःचे कारखाने आहेत. टायरचा सांगाडा धड असेल तर वरचं झिजलेलं रबर मशीनवर खरवडून काढतात, त्यावर कुशन गमचा पातळ थर देतात, वर नक्षीचा नवा पट्टा चढवतात आणि चेंबरमध्ये उष्णता आणि दाब देऊन ते सगळं एकजीव करतात. टायर पुन्हा रस्त्यावर येतो. सांगाडा धड नसेल तर मात्र भंगार. धड आहे की नाही हे बघायला नाना टायर फाकवून आत हात घालायचे आणि बोटं गोल फिरवत न्यायचे. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं, असं ते सांगायचे.

अशा माणसाच्या घरात टायर सहजासहजी फेकला जात नाही. माझ्या शाळेच्या सायकलच्या ट्यूबला ठिगळावर ठिगळ होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. पुढे मी स्वतः गाडी चालवायला लागले तेव्हाही पंक्चर झालं की पहिला विचार ते काढून घेण्याचाच यायचा. म्हणून दिवे घाटात झालेलं ते पंक्चर आणि त्यानंतरचे दोन दिवस मला नीट लिहून ठेवावेसे वाटतात. त्या दोन दिवसांत पंक्चर झालेल्या दोन टायरांपैकी एक आम्ही दुरुस्त केला आणि एक मोडीत काढला. बाहेरून बघणाऱ्याला मोडीत काढलेलाच जास्त चांगला वाटला असता.

डिसेंबरातला रविवार होता. सासवडला मावशीकडे जाऊन नाना आणि मी पुण्याला परत येत होतो. पुरंदरच्या अंजिरांचा खट्टा बहार सुरू झाला होता, म्हणून डिकीत अंजिरांचे दोन खोके आणि वर वाटाण्याची पिशवी. घाट उतरायला लागलो तेव्हा अंधार पडला होता. रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. एका बाजूला फोडलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला बॅरिकेड, आणि मागे खडी भरलेला हायवा. तेवढ्यात स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. पाठोपाठ खालून फट फट असा आवाज. नाना म्हणाले, "पुढचा डावा बसला."

थांबायला जागाच नव्हती. उतार, वळण, अंधार, मागे अवजड गाड्यांची रांग. असल्या ठिकाणी गाडी उभी करून जॅक लावायचा म्हणजे जिवाशी खेळ. उतारावर जॅकवरून गाडी सरकू शकते आणि मागून येणाऱ्याला वळणामुळे आपण दिसत नाही. मी चारही इंडिकेटर लावले आणि पहिल्या गिअरवर, माणूस चालेल इतक्या वेगाने, खाली उतरत राहिले. नाना थांब म्हणाले नाहीत. वडकीच्या बाजूला सपाटी लागल्यावर एका हॉटेलच्या आवारात दिवा दिसला, तिथे गाडी घेतली. रिकाम्या टायरवर दोनेक किलोमीटर तरी आलो असू. हा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. त्याची किंमत टायरने मोजली, आणि ती मोजायला मी कधीही तयार असेन.

स्टेपनी काढायला अंजिरांचे खोके खाली उतरवावे लागले. हॉटेलातल्या एका मुलाने मदत केली. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. नवं चाक बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. हे नानांनी मला गाडी शिकतानाच शिकवलं होतं. स्टेपनीत हवा नीट होती. दर वेळी चार चाकांची हवा बघताना पाचव्याचीही बघायची, हा त्यांचाच दंडक. २०२० साली केंद्रीय नियमांत बदल झाला. आता साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. जागा वाचते, वजन वाचतं, हे खरं. पण किटमधलं ते द्रावण नक्षीतल्या लहान भोकापुरतं असतं. बाजू फाटली तर ते काही कामाचं नाही. घाटातून येजा करणाऱ्याने स्टेपनी असलेलीच गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उतरवलेलं चाक आम्ही दिव्याखाली धरून बघितलं. नक्षीच्या अगदी मधोमध एक खिळा, डोकं घासून चकचकीत झालेलं. तो कुठे लागला होता कोण जाणे. करंगळीपेक्षा कितीतरी बारीक. नक्षी भरपूर शिल्लक होती. नाना हात झटकत म्हणाले, "एवढ्याशा खिळ्याला काय! वात घातली की झालं."

मलाही तेच वाटलं, आणि नियमही तेच सांगतात. भोक नक्षीच्या पट्ट्यात असावं, खांद्यावर किंवा बाजूला नसावं, कारण बाजूची भिंत पातळ असते, सतत लवते आणि तिथे ठिगळ टिकत नाही. भोक साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या वर असावी. त्याखाली गेलेला टायर मोटारीला कायद्यानेच चालत नाही. खोल खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आमचा टायर या सगळ्या कसोट्यांना उतरत होता.

फुरसुंगीच्या पुढे एक पंक्चरचं दुकान उघडं होतं. मालक मूळचा केरळचा, पण इतकी वर्षं इथे काढलेली की मराठी आमच्यासारखीच. आपल्याकडच्या हमरस्त्यांवर टायरची कितीतरी दुकानं केरळच्या लोकांनी चालवलेली आहेत. त्याने खिळा बघितला आणि विचारलं, "ताई, हवा गेल्यावर किती चालली?"

"दोनेक किलोमीटर असेल. घाटात थांबता आलं नाही."

"मग बाहेरून वात नाही घालणार. आधी उतरवून आतून बघू."

शेजारी एक टॅक्सीवाला थांबला होता. तो म्हणाला, "घाल रे वात. माझ्या मागच्या टायरला तीन वाती आहेत, पळतोय की." त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्याची गाडी दिवसभर रस्त्यावर असते, टायर उतरवण्यात अर्धा तास गेला की एक भाडं गेलं. नवा टायर म्हणजे किती दिवसांची कमाई, याचा हिशेब त्याच्याइतका मला कळणार नाही. वात घालायला पाच मिनिटं लागतात: टोच्याने भोक साफ करायचं, चिकट रबरी वात सुईत ओवून आत ढकलायची, बाहेर राहिलेली शेपटी कापायची, झालं. चाक काढावं लागत नाही. पण त्या पाच मिनिटांत टायरची आतली बाजू कुणीच बघत नाही.

मशीनवर टायर डिस्कवरून सुटला. दुकानदाराने तो उभा करून हलवला तसा आतून काळा भुगा खाली पडला, मूठभर तरी. त्याने बॅटरी लावून दाखवलं: आतल्या बाजूने, भिंतीच्या मध्यावर, रबर खरवडल्यासारखी गोल रेघ सबंध टायरभर फिरलेली. नाना पुढे झाले. शर्टाची बाही वर करून त्यांनी हात आत घातला आणि निवृत्तीला इतकी वर्षं होऊनही बोटं तशीच गोल फिरवत नेली. एका जागी थांबले, पुन्हा मागे आले.

"लायनर गेलं," ते म्हणाले. "खाली दोरा लागतोय हाताला. नाही, हा नाही ठेवायचा."

थोड्या वेळापूर्वी एवढ्याशा खिळ्याला काय म्हणणारा माणूस हे म्हणाला, आणि म्हणताना त्याला जराही अवघड वाटलं नाही. मला त्यांच्याबद्दल फार अभिमान वाटला.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. बाजूची भिंत म्हणजे पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा थर आणि त्याला आतबाहेर रबर, इतकंच. ट्यूबलेस टायरला आतून हवा न सोडणाऱ्या रबराचं अस्तर असतं, ते लायनर. ट्यूबचं काम तेच करतं. हवा गेली की ही भिंत डिस्कची कड आणि रस्ता यांच्यात दुमडते, चाक फिरलं की सुटते, पुन्हा दुमडते. आमच्या गाडीच्या मापाचं चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त वेळा फिरतं. म्हणजे दोन किलोमीटरमध्ये ती भिंत हजारावर वेळा मोडली, वर सगळं वजन आणि आत वाढत जाणारी उष्णता. लायनर घासून त्याचा भुगा होतो, दोरे तुटायला लागतात. बाहेरच्या रबरावर फार तर एखादी पुसट रेघ दिसते.

मी विचारलं, "पण पंक्चर काढून हवा भरली तर राहील का?"

"राहील, ताई. महिनाभरसुद्धा राहील. तुम्ही विसरून जाल. मग एखाद्या दिवशी भर उन्हात, शंभरच्या स्पीडला, बाजू फाटेल."

माझी लेक नागपूरला शिकते. आम्ही संभाजीनगरवरून समृद्धी महामार्गाने तिच्याकडे जातो. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता काँक्रीटचा आहे, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि टायर फुटून तिथे अपघात झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तिथल्या प्रवेशाच्या ठिकाणी आरटीओची माणसं टायर तपासतात, झिजलेले असले तर परत पाठवतात. ते करतात ते योग्यच आहे. पण तिथे उभ्या माणसाला टायरची नक्षी दिसते, आतलं लायनर दिसत नाही. आमचा हा टायर, पंक्चर काढून, हवा भरून, त्या तपासणीतून नक्की पुढे गेला असता. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पंक्चर काढायचं की टायर बदलायचा, याचं उत्तर आपण भोकाकडे बघून देतो. भोक पडल्यावर टायर हवेविना किती चालला, हे त्याहून मोठं असतं, आणि ते टायर उतरवून आतून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुकानदाराने बाकीच्या चाकांवरही साबणाचं पाणी मारून बघितलं, न सांगता. मागच्या उजव्या टायरच्या नक्षीत एका जागी बारीक बुडबुडे यायला लागले. एक स्क्रू रुतलेला होता आणि हवा अगदी हळू जात होती. तीस-बत्तीसची हवा असायला हवी तिथे पंचवीस भरली. हाही टायर उतरवला. आतून नव्यासारखा स्वच्छ, भुग्याचा कण नाही. नानांनी याच्यातही हात फिरवला आणि मान डोलावली. याचं पंक्चर काढायचं ठरलं, पण वात घालून नव्हे, मशरूम लावून.

मशरूम म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबर. आतली जागा खरवडून, सोल्युशन लावून छत्रीचा दांडा आतून बाहेर ओढतात. दांडा भोक बुजवतो आणि छत्री आतून लायनरला चिकटते. वात नुसतं भोक बुजवते, लायनर सांधत नाही. शिवाय भोकातून पाणी आत शिरलं तर नक्षीखालच्या पोलादी तारांना गंज लागतो. मशरूमला वातीच्या तीन-चार पट पैसे पडले, वेळही लागला. नाना शेवटपर्यंत मशीनपाशी उभे राहून बघत होते. खरवडणं पुरेसं झालंय का, सोल्युशन वाळू दिलंय का, यावर ते आणि दुकानदार एकमेकांशी बोलत होते आणि मी अंजिरं खात टॅक्सीवाल्याशी गप्पा मारत होते. तोही मग उठून आतला भुगा बघून आला. त्याच्या तीन वातींचं त्याने पुढे काय केलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हडपसरला नवा टायर घ्यायला गेलो, तर तिथे वेगळाच वाद. एक घ्यायचा की दोन? एकाच आसावरच्या दोन टायरांची नक्षी सारखी असलेली बरी, नाही तर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजू सारख्या धरत नाहीत. आमच्या जुन्यांची नक्षी पाचेक मिलिमीटर, नव्याची आठच्या आसपास. फरक मोठा होता, म्हणून दोन घ्यायचे ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, तेवढाच हातभार.

मग हे दोन नवे लावायचे कुठे? नाना म्हणाले, पुढे. दुकानातला मुलगा म्हणाला, मागे. नाना ऐकेनात. त्यांचं सगळं आयुष्य याच नियमावर गेलेलं: रिट्रेड केलेला टायर बसला पुढे लावायचा नाही. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही आणि पन्नास माणसं मागे बसलेली असतात. मागे जोडचाकं असतात, एक गेला तर दुसरा काही अंतर तरी पेलतो. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमचं बसचं बरोबर आहे. पण इथं चारही टायर धड आहेत. फुटायचा प्रश्न नाही, पावसात घसरायचा आहे. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की परत हातात येते. मागचं घसरलं तर गाडी गोल फिरते, ती ताईंना आवरणार नाही." टायर कंपन्याही हेच सांगतात: जास्त नक्षीचे टायर मागे. नानांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "लाव मागे." मागची दोन्ही चाकं पुढे आली, मशरूमवालंसुद्धा, आणि पुढचं उजवं स्टेपनी झालं.

नवे टायर चढवण्याआधी नानांनी चष्मा लावून बाजूवरचे आकडे वाचले. १६५/८० आर १४, त्यापुढे ८५ टी: एका टायरने ५१५ किलो पेलायचे आणि ताशी १९० पर्यंतचा वेग सोसायचा. गाडीच्या पुस्तकात होतं तेच माप. मग लंबगोलातले चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एक टायर चार महिन्यांपूर्वीचा निघाला, दुसरा दोन वर्षांपूर्वीचा. दुसरा त्यांनी परत करून ताजा मागवला. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. आमची जुनी स्टेपनी फार चाललेली नव्हती, तरी तिच्यावर ३४१८ होतं, म्हणजे २०१८ सालचा चौतिसावा आठवडा. भिंतीवर बारीक भेगा दिसत होत्या. ती कामातून काढली.

राहिला तो घाटातला टायर. हडपसरचा दुकानदार म्हणाला, "जुना तीनशेला घेतो, बिलातून वजा करतो." नानांनी विचारलं, त्याचं काय करणार? तो म्हणाला, नक्षी चांगली आहे, पंक्चर काढून कुणीतरी घेतं, फार तर आत गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, टाकतात.

नाना म्हणाले, "तीनशे नकोत. बाजू कापून द्या, माझ्यासमोर."

दुकानदार नाराज झाला. मी नानांच्या बाजूने बोलले. तो टायर घेणाऱ्याला त्यातला भुगा कुणी दाखवणार नव्हतं. भुगा तर आदल्या रात्रीच फुरसुंगीच्या पुढच्या त्या दुकानात पडून गेला होता, आणि नक्षी बघून घेणारा आनंदाने तो गाडीला लावून आपल्या बायकापोरांना बसवून निघाला असता. हे मी जरा मोठ्यानेच बोलले. आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. मग मशीनवरच्या मुलाने कटर आणला आणि भिंत दोन ठिकाणी उभी चिरली. स्टेपनीचीही चिरली. नानांनी दोन्ही चिरांत बोट घालून बघितलं, पलीकडे निघालं. मग ते त्या मुलाकडे वळले आणि नव्या चाकांना बॅलन्सिंगला किती किती ग्रॅमची वजनं लागली, ते विचारायला लागले.